शेटच्या नावाचं काळीज

गोल्फच्या मैदानात सातव्या होलच्या चढावर भावकूच्या छातीत काहीतरी आवळून यायचं, ते दिवाळीपासून. ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती आणि तो माणूस म्हणजे स्वतः भावकू. चढाच्या मध्यावर आलं की तो खांद्यावरची बॅग सावरायचा, खाली वाकायचा आणि गवतात चेंडू शोधायला लागायचा. चेंडू पुढे पन्नास हातांवर लख्ख दिसत असायचा. पण साहेबाची बॅग वाहणारा कॅडी चेंडू शोधतोय म्हटल्यावर कोण विचारतो? दोन मिनिटं शोधलं की आवळलेलं सुटायचं. मग भावकू "हितं हाय, शेट!" म्हणून ओरडायचा आणि उरलेला चढ चढायचा.

सांगायचं तरी कुणाला? कॅडींचा मुकादम मारुतीराव. त्याचा कायदा सोपा होता. जो दमला तो घरी गेला. मागच्या पावसाळ्यात आण्णाप्पा गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलेला त्याला दिसला, तर सोमवारी आण्णाप्पाची बॅग दुसऱ्याच्या खांद्यावर होती. त्यानंतर आण्णाप्पा रोज सकाळी कुंपणाच्या बाहेर येऊन नुसता उभा राहायचा. भावकूला रोज तो दिसायचा. बावीस वर्षं भावकूने बॅग उचलली होती आणि गावात त्याला ओळखायचेही "शेटची बॅग" म्हणूनच. बॅग गेली की आपलं काय उरणार, हा विचार त्याला छातीतल्या आवळण्यापेक्षा जास्त घाबरवायचा.

बेळगावहून खानापूरकडे जाताना तारेचं एक उंच कुंपण लागतं. बाहेर भावकूचं गाव, आत गोल्फ क्लब. बाहेरचं गवत म्हशी खातात. आतल्या गवतावर कुणी चप्पल घालून पाय ठेवला तर शिट्टी वाजते. खेळ तसा साधा. एवढासा पांढरा चेंडू काठीने लांब मारायचा, मग तो गेला कुठं म्हणून बॅटरीच्या गाडीत बसून बघायला जायचं, आणि चार तास हेच केल्यावर व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत पडून "आज फार दमलो बुवा" म्हणायचं. काठ्या चौदा. त्या सगळ्या एका बॅगेत आणि बॅग कॅडीच्या खांद्यावर. गाडीत जागा दोनच आणि दोन्ही साहेब लोकांच्या. कॅडी चालतो. कॅडी दमतो की नाही, याबद्दल क्लबाच्या नियमांच्या पुस्तकात एक ओळही नाही.

भावकूचे शेट म्हणजे दिग्विजय शेट, निपाणीचे. बोरगावला तंबाखूची गोदामं, निपाणीत विड्यांचा कारखाना आणि बेळगावात बंगला. त्यांच्या आजोबांचा फेटा बांधलेला फोटो तीन जिल्ह्यांत विडीच्या बंडलावर छापलेला. लोक आजोबांना खिशात घालून फिरायचे आणि बंडल संपलं की चुरगळून गटारात टाकायचे. शेटना याचं मनातून फार वाईट वाटायचं. आपला फोटो एखाद्या निरोगी वस्तूवर छापून यावा, एवढी एकच इच्छा त्यांची साठीनंतर शिल्लक होती. बाकी सगळ्या पुऱ्या झाल्या होत्या, आणि त्या पोटावर दिसतही होत्या.

ही इच्छा पुरी करायला बेंगळूरहून एक कंपनी आली. कंपनीच्या पेयाचं नाव 'ग्रीन-लाईट'. गोल्फ खेळणाऱ्यांसाठी खास हलकं प्रोटीन, असं बाटलीवर सोनेरी अक्षरांत. कंपनीच्या वतीने बोलायला उभी राहिली ती रूपाली, वडगावची पोर. घरात चार पॉवरलूम, त्यांच्या खडखडाटात वाढल्यामुळे तिला हळू बोलता येत नसे, आणि विक्रीच्या धंद्यात तो गुण धरतात.

"खेळून झाल्यावर स्नायू थकतात," रूपाली व्हरांड्यातल्या वीस साहेबांना सांगत होती. "त्यांना प्रोटीन लागतं. पण तुम्हाला ते घट्ट, जड शेक नको असतात. म्हणून हे पाण्यासारखं. साखर नाही, पोटाला जड नाही. अठराव्या होलनंतर एक बाटली, आणि रिकव्हरी सुरू!"

"रिकव्हरी म्हंजे आमच्या वसुलीसारखी काय?" शेट म्हणाले. वीसच्या वीस साहेब हसले.

"नाही सर. दमलेलं काळीज किती लवकर शांत होतं, ते मोजायचं. त्यासाठी हा पट्टा." तिने खोक्यातून काळा, रबरी पट्टा काढला. "सहा आठवडे हा मनगटावर हवा. चोवीस तास. झोपेतसुद्धा, अंघोळीलासुद्धा. एक क्षण काढायचा नाही. ज्याची रिकव्हरी सगळ्यांत चांगली तो आमचा चॅम्पियन, आणि चॅम्पियनचा फोटो बाटलीवर!"

शेटनी सगळ्यांच्या आधी हात पुढे केला.

आता क्लबात एक जुना रिवाज होता. मैदानात उतरताना साहेबाने अंगावरचं ओझं उतरवून कॅडीकडे द्यायचं. घड्याळ, अंगठी, फोन, गाडीची किल्ली, एका कर्नलसाहेबांच्या बाबतीत तर दातसुद्धा. फोन बॅगेच्या कप्प्यात, घड्याळ कॅडीच्या मनगटावर. मारुतीरावाने प्रत्येक कॅडीला पहिल्या दिवशी हेच शिकवलेलं: साहेबाची वस्तू जमिनीला टेकवायची नाही आणि नजरेआड करायची नाही. बावीस वर्षांत भावकूच्या हातून शेटची एक टाचणी हरवली नव्हती.

तर दुसऱ्याच दिवशी पहिल्या होलवर शेटनी घड्याळ काढलं आणि त्याच्याबरोबर पट्टाही काढला.

"हे धर रे भावक्या. मनगट जड होतं, स्विंग बिघडतो."

संध्याकाळी भावकूने घड्याळ, अंगठी, फोन मोजून परत दिले. पट्ट्याला मात्र शेटनी हात लावला नाही. "असू दे तुझ्याकडंच. झोपंत टोचतोय. सकाळी येतोसच की."

भावकू व्हरांड्याच्या पायरीशी उभा राहून रूपालीचं बोलणं ऐकत होता. चोवीस तास, एक क्षण काढायचा नाही, असं ती म्हणाली होती. दुसऱ्याची वस्तू, त्यात ताईंची ताकीद. त्याने पट्टा काढला नाही. अंघोळ केली पट्ट्यासकट, म्हशीची धार काढली पट्ट्यासकट, भाताची पोती माळ्यावर चढवली पट्ट्यासकट. रात्री झोपताना तो हात उशीवर नीट ठेवून झोपायचा, कारण शेटच्या वस्तूवर अंगाचा भार पडायला नको. पट्टाही बिचारा इमानी. रात्रीचं सगळं पोटात साठवायचा आणि सकाळी बॅगेतल्या शेटच्या फोनजवळ आला की भडाभडा ओकायचा.

बाटलीचंही तेच झालं. शेटनी पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बाटली भावकूकडे दिली. "संपव हे. बाटली फेकू नकोस, मोजून घेतात." आणि स्वतः लोणी डोसा मागवला. भावकूने चव घेतली आणि त्याला ती ओळखीची वाटली. जयाबाई, त्याची बायको, सणाला श्रीखंड करायची तेव्हा चक्क्याच्या फडक्यातून जे पाणी गळायचं तेच हे. वर लिंबू पिळलेलं.

"ते तर मी म्हशीला घालते," ऐकून जयाबाई म्हणाली. "आपल्या म्हशीला म्हाईतच न्हाय, ती गोल्फ खेळालीय म्हणून."

भावकू एकटाच नव्हता. शामूच्या मनगटावर कर्नलसाहेबांचा पट्टा होता, भरमाच्या मनगटावर एका फौंड्रीवाल्यांचा. वीस साहेब, वीस पट्टे, वीस कॅडी, आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. साहेबांना त्यात लपवण्यासारखं वाटलं नाही, कॅडींना सांगण्यासारखं वाटलं नाही. कॅडींच्या गणवेशाला लांब बाह्या असतात, आणि कॅडीच्या मनगटाकडे बघायचा क्लबात कधी रिवाजच नव्हता. रूपालीही आठवड्यातून एकदा यायची, साहेबांशी मोठ्याने बोलायची आणि स्कूटरला किक मारून जायची.

तिसऱ्या आठवड्यात आकडे आले आणि बेंगळूरची कंपनी खुर्चीतून उठून उभी राहिली. साठीतले वीस गृहस्थ रोज पंधरा पंधरा किलोमीटर चालत होते. पहाटे साडेचारला उठत होते. रोज सकाळी हाताचा एकसारखा, तालात व्यायाम करत होते, जो नेमका कोणता ते कंपनीच्या तज्ज्ञांना कळेना. त्यांनी म्हैस पाहिली नव्हती. आणि या सगळ्यांत वर नाव होतं दिग्विजय शेट यांचं.

शेटच्या फोनवर रोज अभिनंदन यायचं. पहिले काही दिवस ते गालात हसले. नंतर त्यांनी ते चारचौघांत वाचून दाखवायला सुरुवात केली. महिना झाला तेव्हा त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. त्यांच्या पत्नी स्वरूपाबाई एकदा फोन हातात घेऊन म्हणाल्या, "अहो, यात दाखवतंय की तुम्ही पहाटे आठशे पावलं चाललात. तेव्हा तर तुम्ही माझ्या शेजारी घोरत होता."

"तुला काय कळतंय? मशीनला कळतंय!" शेट म्हणाले.

पाचव्या आठवड्यात शनिवारी सकाळी भावकू सातव्या चढाच्या मध्यावर होता. त्या दिवशी चेंडू शोधूनही आवळणं सुटेना. डाव्या खांद्यापर्यंत कळ आली, कपाळावर गार घाम आला. तेवढ्यात बॅगेतला फोन किंचाळायला लागला. भावकूने पाहिलं, पडदा लालभडक. वर इंग्रजी अक्षरं. त्यातलं शेटचं नाव तेवढं त्याला बघून बघून ओळखता यायचं.

शेटवर काहीतरी आलंय! स्वतःची छाती विसरून भावकू बॅगेसकट चढ धावत वर गेला. तो जितका धावला तितका फोन जोरात किंचाळला. वर शेट गाडीत बसून भाजलेल्या शेंगा सोलत होते.

"शेट, बगा वो! काय तर आलंय!"

शेटनी फोन वाचला. 'तुमच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. ताबडतोब थांबा. डॉक्टरांना भेटा.' हातातल्या शेंगा खाली पडल्या. ज्या माणसाने पाच आठवड्यांपूर्वी आपल्या हाताने पट्टा काढून दिला होता, तो माणूस दोन्ही हातांनी छाती धरून "आई गं!" म्हणत गाडीत आडवा झाला.

मग जी धावपळ झाली ती बघण्यासारखी होती. कर्नलसाहेबांनी वारा घातला. ॲम्ब्युलन्स थेट गवतावर आली आणि शिट्टी वाजली नाही. बेळगावातल्या एका मोठ्या काचेच्या दवाखान्यात शेटना नेलं. भावकू बॅग खांद्यावर घेऊन बाहेर पायरीवर बसला, कारण बॅग कुठं ठेव म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. बसल्या बसल्या त्याने देवाला नारळ बोलला, शेटना बरं वाटू दे म्हणून.

आत शेटच्या काळजाचे फोटो निघाले, आलेख निघाले, डॉक्टर नळी घालून शिरांमधून फिरून आले. चार दिवसांनी डॉक्टर म्हणाले, काळीज एकदम ठणठणीत आहे, थोडं पोट कमी करा. कंपनीला हे कळलं आणि आनंदाला पारावार राहिला नाही. पाच आठवडे रोज एक बाटली, मध्ये हृदयाचा एवढा गंभीर इशारा, आणि चार दिवसांत काळजावर ओरखडासुद्धा नाही! याहून मोठी रिकव्हरी जगात कुणाची झाली होती? सहावा आठवडा कोण बघतो? चॅम्पियन ठरला. रविवारी सकाळी क्लबात समारंभ.

चार दिवस दवाखान्याच्या पायरीवरच काढून भावकू आनंदाने घरी आला आणि जयाबाईला सगळं सांगितलं. लाल पडदा, किंचाळणं, शेट कसे वाचले ते. जयाबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"अवं, पट्टा कुणाच्या हातात व्हता?"

"माज्या. का गं?"

"मग मशीन कुणाचं काळीज बगत व्हतं?"

भावकूने हळूच डाव्या हाताची बाही वर केली आणि पट्ट्याकडे पाहिलं. पट्ट्याखाली हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याला दिवाळीपासूनचे सगळे चढ आठवले, सगळे न हरवलेले चेंडू आठवले. तव्यावरची भाकरी करपली तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.

"छातीत दुखतंय न्हवं तुमच्या?" जयाबाईने विचारलं. पहिल्यांदाच भावकू नाही म्हणू शकला नाही. तिने डोळ्यांना पदर लावला, मग तोच पदर खोचला. "उद्याच्या उद्या शिविलला जायाचं."

"शेटना सांगतो आधी. त्येंची वस्तू हाय."

शेट बंगल्यात झोपाळ्यावर बसले होते. भावकूने पायरीवर उभं राहून सगळं सांगितलं. शेटनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. त्यांना ते माहीत होतं आणि इतके दिवस माहीत नव्हतंही. आता ते समोर उभं राहून बोलत होतं.

"कुणाला बोललास?"

"मालकिणीला. आमच्या."

"आणखी कुणाला बोलू नकोस. मारुतीरावाला तर अजिबात न्हाय. त्याला कळलं की तुझी बॅग गेली, ठाऊक हाय न्हवं?" शेट उठून आत गेले आणि कोपऱ्यातलं एक खोकं स्वतः उचलून घेऊन आले. ग्रीन-लाईटच्या चोवीस बाटल्या. "हे घे. रोज दोन पी. माझं बघ, चार दिवसांत बरं झालं का न्हाय?"

भावकूने खोकं हातात घेतलं. कारण शेट हे अगदी मनापासून, त्याच्या काळजीने म्हणत होते.

"आणि एक काम कर," शेट आवाज उतरवून म्हणाले. "रविवारी मोठा पडदा लावणार हायत. मी सातवा चढ चढायचा आणि माझं काळीज लोकांनी पडद्यावर बघायचं, असं कंपनीच्या त्या बेंगळूरवाल्या साहेबानं ठरवलंय. मला डॉक्टरनी चढ नको म्हटलंय. तर मी झाडीमागच्या रस्त्यानं गाडीतनं वर जातो. तू पट्टा घालून, बॅग घेऊन नेहमीसारखा चढावरनं ये. एवढं एक कर, भावकू. मग बॅग तुझीच, हयातभर."

बावीस वर्षांत शेट त्याला पहिल्यांदा भावक्या न म्हणता भावकू म्हणाले होते. भावकू व्हय म्हणाला. जयाबाईला त्याने सांगितलं, रविवार होऊ दे, सोमवारी जाऊ शिविलला. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

रविवारी क्लबात मांडव. मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर साहेब आणि त्यांच्या बायका, समोर घराएवढा पडदा. पडद्याच्या एका बाजूला शेटचा हसरा फोटो, हातात बाटली; दुसऱ्या बाजूला हृदयाचं चित्र आणि त्याखाली आकडा. कडेला रूपाली टॅबलेट घेऊन उभी. मांडवातून सातवा चढ समोरासमोर दिसत होता. झाडीमागचा रस्ता तेवढा दिसत नव्हता. निवेदकाने सांगितलं की शेटजी आता निघाले आहेत. शेट हात हलवत झाडीत शिरले आणि बॅटरीच्या गाडीत बसले. भावकूने बॅग खांद्यावर घेतली आणि शे-दोनशे लोकांच्या डोळ्यांसमोर चढाला लागला. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं, सगळे पडद्याकडे बघत होते.

"एकशे दहा!" निवेदक ओरडला. टाळ्या. "एकशे तीस! बघा शेटजींचा दम!"

कर्ण्याचा आवाज चढावर स्पष्ट येत होता. मध्यावर नेहमीच्या जागी छाती आवळली. सवयीप्रमाणे भावकू खाली वाकला, आणि त्याच्या लक्षात आलं की आज चेंडूच नाही. आज कुणी चेंडू मारलाच नव्हता. शोधायला काही नसताना वाकायचं कसं? तो तसाच सरळ झाला आणि चालू लागला.

"एकशे साठ! साठीतला माणूस, मंडळी!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

भावकू थांबला. कळ खांद्यात, जबड्यात चढली होती. त्याने वळून खाली पाहिलं. त्याला कळ आली की तिकडे टाळ्या वाजत होत्या. कळ वाढली की टाळ्या वाढत होत्या, आणि पडद्यावर शेट हसत होते, फोटोत. बावीस वर्षांत भावकूला क्लबात कधी राग आला नव्हता. आत्ता आला, आणि असा आला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. हे काळीज माझं हाय, तो मनात म्हणाला. ह्येच्यावर टाळ्या वाजवू नका.

त्याने खांद्यावरची बॅग काढली आणि चढाच्या मध्यावर, हिरव्यागार गवतावर, जमिनीला टेकवली. मग पट्टा सोडला. तो मात्र जमिनीवर ठेवायला हात धजेना, म्हणून बॅगेतून वर आलेल्या एका काठीच्या मुठीला अडकवला. आणि बॅगेला पाठ टेकून खाली बसला.

पडद्यावरचा आकडा एकशे अडुसष्टवरून एकदम शून्यावर आला.

मांडवातल्या टाळ्या थांबल्या. बेंगळूरचा साहेब अर्धवट उठला. पण निवेदक अनुभवी होता, लग्नांत सूत्रसंचालन करणारा. "शून्य!" तो गरजला. "मंडळी, संपूर्ण विश्रांती! शेटजींचं काळीज एका सेकंदात शांत! याला म्हणतात रिकव्हरी!" आणि त्या सकाळच्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या पडल्या. नेमके त्याच वेळी दिग्विजय शेट झाडीतून वर माथ्यावर प्रकटले आणि शून्य ठोक्यांच्या काळजाने दोन्ही हात हलवू लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. एकट्या स्वरूपाबाई बसून होत्या.

रूपाली मात्र टॅबलेटकडे बघत होती. लूमवाल्याच्या पोरीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: माग एकदम थांबला की धागा तुटलेला असतो. तिने मान वर करून माथ्यावरच्या शेटकडे पाहिलं. घाम नाही, धाप नाही. मग तिची नजर खाली उतरली आणि चढाच्या मध्यावर बसलेल्या माणसावर येऊन थांबली. त्याच्या गणवेशाची डावी बाही कोपरापर्यंत वर होती आणि मनगटावर, उन्हाने रापलेल्या कातडीत, पट्ट्याच्या रुंदीची एक फिकट खूण होती. एवढं दिसेपर्यंत ती धावत धावत त्याच्याजवळ पोचली होती. कधी धावायला लागली ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"मामा, काय होतंय?"

"छातीत दुखालंय, ताई. दिवाळीपासनं."

ॲम्ब्युलन्स मांडवाच्या मागे शेटसाठी उभी केलेली होती, पण तिचा ड्रायव्हर टाळ्या वाजवायला पुढे गेला होता. रूपालीने वाट बघितली नाही. शामू आणि भरमाने भावकूला धरून फाटकाशी आणलं. बाहेर कुंपणाशी आण्णाप्पा उभा होताच. तो काही न विचारता स्कूटरवर मागे बसला आणि त्याने मध्ये भावकूला घट्ट धरलं. रूपालीने सिव्हिल हॉस्पिटल गाठेपर्यंत एकही सिग्नल पाळला नाही.

सिव्हिलच्या खाटेवर भावकूच्या छातीला वायरी लागल्या. तरण्या डॉक्टरने आलेखाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. एक शीर अरुंद झालीय, म्हणाला, पण वेळेत आलात. ॲडमिट व्हायचं, आणि इथून पुढे ओझं उचलायचं नाही. जयाबाई तोवर गावातून रिक्षा करून पोचली होती. ती नवऱ्याच्या पायाशी बसली आणि त्याचे तळवे चोळत रडली. दोन दिवसांचा अबोला तिथेच संपला.

रूपाली खाटेच्या दांडीला धरून उभी होती. आवाज प्रथमच खाली आलेला. "मामा, पाच-सहा आठवडे मी रोज तुमचंच काळीज बघत होते हो. आणि नाव शेटचं वाचत होते. एकदासुद्धा तुमच्या हाताकडं बघितलं न्हाय. माझं चुकलं."

"त्यात तुजं काय, पोरी," भावकू म्हणाला. "म्या सोता कुठं बगितलं?"

जयाबाईच्या पिशवीतला फोन वाजला. शामूच्या फोनवरून शेट बोलत होते. आवाज एवढा मोठा की खाटेवर ऐकू आला. "पट्टा कुठं टाकलास रे भावक्या? कंपनीवाले मागायलेत!"

जयाबाई फोन बंद करायला निघाली होती, भावकूने हात पुढे करून तो घेतला. "बॅगेला अडकवलाय, शेट. बॅग सातव्या चढावर हाय. येऊन घ्या," तो म्हणाला. आणि जरा थांबून म्हणाला, "चालत या." मग फोन जयाबाईकडे दिला.

तेवढ्यात नर्स हातात तीन-चार आलेखांचे लांबलचक कागद घेऊन आली. सगळे सारखेच दिसत होते, वेडेवाकडे. एकावर नाव लिहायचं राहिलं होतं. तिने तो वर धरला आणि वॉर्डभर नजर फिरवली.

"हा कुणाचा?"

भावकूने वायरी लावलेला हात जमेल तेवढा वर केला.

"माजा," तो म्हणाला. "भावकू म्हणून ल्ह्या."